थरांचं चिकन, भरपूर चीज आणि पाण्याचा हिशोब

गेल्या महिन्यात पाहुण्यांसाठी एकाच भांड्यात होणारं जेवण सुचवताना मी चीज घातलेल्या थरांच्या चिकनचा ओझरता उल्लेख केला होता. कृती द्यायला जागा नव्हती. त्यावर आलेली बहुतेक पत्रं कृती मागणारी नाहीतच, फसलेल्या कृतीची तक्रार करणारी आहेत. म्हणजे करून बघणारे पुष्कळ आहेत. म्हणून या महिन्याचं सदर सगळं त्यालाच.

मावशी, सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे. रविवारी रात्री घरात दहा माणसं जेवायला. मागे मी मोबाइलवर बघून हे चिकन केलं होतं. वरून रंग सुरेख आला, पण चमचा घातला तर तळाला पाणी, बटाटा अर्धाकच्चा आणि चिकन चिवट. माझा ओटीजी १९ लिटरचा आहे. नीट प्रमाण आणि क्रम सांगाल का?
— एक सूनबाई, कांदिवली

तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. तुम्ही ओव्हनला स्वयंपाक करायला लावलात. त्याचं ते काम नाही. या पदार्थात ओव्हनने फक्त दोन गोष्टी करायच्या: शिजलेले थर एकमेकांत मुरवायचे आणि वरच्या चीजला रंग आणायचा. बाकी सगळं गॅसवर आधीच झालेलं हवं.

कारण साधं आहे. ओव्हनची हवा १८० अंशांवर असली तरी भांड्याच्या पोटात ओल आहे तोवर तिथलं तापमान १०० च्या वर जात नाही. वर व्हाइट सॉस आणि चीजचं जाड पांघरूण असतं, त्यामुळे आत उष्णता पोचायलाच वेळ लागतो. कच्चं चिकन या वेळात आपलं पाणी सोडतं आणि त्या पाण्याला जायला वाट नसते. बटाटा त्यात नुसता पडून राहतो. तुम्ही घाबरून आणखी वीस मिनिटं वाढवता, तेवढ्यात चिकन चिवट होतं.

म्हणून नियम असा की प्रत्येक थर वेगळा खाल्ला तरी चवदार लागला पाहिजे. चिकन नुसतं पावाशी खावंसं वाटलं पाहिजे. बटाट्याची एक चकती मीठ-मिरी लावलेली, तोंडात टाकण्यासारखी हवी. हे जमलं की पुढे फसण्यासारखं फार काही उरत नाही.

आता भांडं. १९ लिटरच्या ओटीजीत दहा जणांचा मोठा चौकोनी डिश बसणार नाही. बाजारात जायच्या आधी शिंप्याची टेप घेऊन आतली रुंदी मोजा आणि दोन्ही बाजूंना इंचभर मोकळी जागा सोडा. हवा फिरली नाही तर एक कडा करपते आणि दुसरी पांढरी राहते. आठ इंची चौकोनी, दोन इंच खोल असे दोन डिश घ्या. एक झाला की फॉइलने झाकून ठेवायचा आणि दुसरा आत. शेजारणीकडे ओटीजी असेल तर दुसरा तिच्याकडे पाठवा आणि नंतर एक वाटी भरून परत करा. मुंबईतल्या मजल्यांवर हा व्यवहार अजून चालतो.

एक सूचना विजेची. ओटीजी मोठ्या पिनच्या, १६ अँपिअरच्या पॉवर प्लगलाच लावायचा. एक्स्टेंशन बोर्डावर मिक्सर आणि मोबाइलच्या शेजारी नाही. जुन्या इमारतीत असाल तर त्या तासात गीझर बंद ठेवा. पाहुणे जेवायला बसलेले आणि घरात अंधार, हा प्रसंग पंचाहत्तरीला नको.

चिकन एक किलो, बोनलेस. चिकनवाल्याला 'बोनलेस' एवढंच सांगितलंत तर तो छातीचं काढून देईल. त्याला स्पष्ट सांगा की लेगचं बोनलेस हवं. छातीच्या मांसात चरबी कमी, त्यामुळे दोनदा गरम होताना ते कोरडं पडतं. तंगडीचं मांस सोसतं. इंचभराहून लहान तुकडे करून घ्या. त्यांना मीठ, मिरपूड, आलं-लसूण आणि अर्ध्या लिंबाचा रस लावून अर्धा तास ठेवा.

मग पसरट कढई कडकडीत तापवा आणि चिकन तीन-चार हप्त्यांत परता. एकदम किलोभर टाकलंत की कढई थंड होते आणि परतण्याऐवजी उकडणं सुरू होतं. झालेला प्रत्येक घाणा चाळणीत काढा, खाली वाटी ठेवा. वाटीत जमलेला रस टाकून देऊ नका, तो व्हाइट सॉसमध्ये जाणार आहे. ही चाळणी तुमच्या तळाच्या पाण्याचं अर्धं उत्तर आहे.

त्याच कढईत चार कांदे बारीक चिरून गुलाबी करा. सहा टोमॅटोंचा रस, दोन चमचे काश्मिरी तिखट, मीठ आणि थोडी साखर घालून तेल सुटेपर्यंत आटवा. 'तेल सुटेपर्यंत' हे शब्द आपण सवयीने वाचतो आणि सोडून देतो. इथे सोडू नका. कालथ्याने मसाला बाजूला सारला की कढईचा तळ क्षणभर मोकळा दिसायला हवा. नंतर चिकन त्यात घोळा. गरम मसाला घालू नका, दुधाच्या सॉसशी त्याचं जमत नाही. वसईकडचा ईस्ट इंडियन बॉटल मसाला मिळाला तर एक चमचा घाला, त्याला चीजशी भांडायची सवय नाही. ढोबळी मिरची घालायची असेल तर आधी मोठ्या आचेवर वेगळी परता. मशरूम आणि पालक यांचं तर पाणी आटवल्याशिवाय आत प्रवेशच नाही.

बटाटे एक किलो. सालं काढून अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या करा आणि मिठाच्या उकळत्या पाण्यात सात-आठ मिनिटं ठेवा. सुरी सहज आत जावी पण चकती तुटू नये. निथळून कपड्यावर पसरा. बटाटा कापल्यावर लगेच पाण्यात टाका, नाहीतर काळा पडतो.

व्हाइट सॉससाठी ८० ग्रॅम लोणी, ८० ग्रॅम मैदा, एक लिटर फुल क्रीम दूध. बाजारचं लोणी खारट असतं आणि चीजही, म्हणून सॉसमध्ये मीठ शेवटी, चाखून. जायफळ किसून अगदी चिमूटभर. त्या वाटीतला चिकनचा रस यात घाला आणि एक उकळी येऊ द्या. सॉस पळीच्या पाठीवर टिकायला हवा. बोटाने रेघ ओढली तर ती बुजता कामा नये.

चीज ४०० ग्रॅम, त्याचा तपशील पुढच्या एका पत्राच्या उत्तरात येतोच.

रचताना डिशला लोणी लावा आणि तळाला दोन पळ्या सॉस पसरा. त्यावर बटाटे, चकत्यांच्या कडा एकमेकींवर चढवून. मग चिकन, मग सॉस, मग चीज. पुन्हा तसंच. सगळ्यात वर सॉस आणि चीजच हवं, चिकन उघडं राहिलं की वाळतं. खालचा बटाट्याचा थर दाट लावा. दहीहंडीत खालच्या थरात जाडजूड गडी का उभे करतात ते लालबागच्या पोराला कुणी समजावून सांगावं लागत नाही, इथेही तेच.

ओटीजी दहा मिनिटं आधी तापवा. थर कोमट असतील तर १८० अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटं, मधल्या कप्प्यात. कडेने बुडबुडे दिसले की वरचा रॉड चालू करून चार-पाच मिनिटं, आणि त्या चार-पाच मिनिटांत जागेवरून हलायचं नाही. काचेचा डिश असेल तर तो वरच्या रॉडच्या फार जवळ नेऊ नका. रंगासाठी अॅल्युमिनियमचा ट्रे बरा.

आणि बाहेर काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही. तुमच्या तळाच्या पाण्याचं उरलेलं अर्धं उत्तर हे आहे. सॉस निवताना घट्ट होतो आणि चौकोनी वडी अख्खी निघते. दहा माणसांचे डोळे त्या डिशवर असताना ही वीस मिनिटं फार लांब वाटतात, मला मान्य आहे. तोवर सासऱ्यांना ओवाळून घ्या.

व्हाइट सॉसमध्ये दर वेळी गुठळ्या होतात. दूध गरम घालायचं की गार?
— दादर

दोन्ही चालतं. एकदम ओतलेलं मात्र चालत नाही. गुठळी म्हणजे आत कोरडा मैदा आणि बाहेर फुगून चिकट झालेला मैदा. बाहेरचा थर बंद झाला की आत दूध शिरत नाही. लोणी आणि मैदा मंद आचेवर दोन मिनिटं परता, कच्चा वास गेला पाहिजे पण रंग बदलता कामा नये. गॅसवरून उतरवून पहिलं पाव कप दूध घाला आणि घोटा. घट्ट गोळा होईल, होऊ द्या. मग पुन्हा पाव कप. तिसऱ्या वेळेनंतर उरलेलं दूध सरळ ओता आणि परत गॅसवर ठेवा.

इतकं करूनही गुठळ्या झाल्याच तर गाळणं कशासाठी आहे? गाळा आणि कुणाला सांगू नका.

माझी नणंद ह्यूस्टनला असते. ती मुलांसह येतेय. मुलांना तिथलं 'किंग रँच चिकन' आवडतं म्हणून तिने कृती पाठवली आहे. त्यात क्रीम ऑफ चिकन आणि क्रीम ऑफ मशरूम सूपचे डबे, मक्याच्या टॉर्टिया आणि ३५० डिग्री लिहिलंय. माझा ओव्हन २५० च्या पुढे जातच नाही! हे सगळं मुंबईत कुठे शोधू?
— मुलुंड

आधी ओव्हनचा जीव वाचवू. तिचे ३५० अंश फॅरनहाइटचे आहेत, आपले होतात साधारण १७७ सेल्सिअस. तुम्ही १८० लावा. तिचा कपही मापाचा असतो, २४० मिलिलिटरचा. आपल्या चहाच्या कपाने मोजू नका.

ही टेक्सासची घरोघरची डिश. तिथे कामावरून आल्यावर डबे फोडायचे, उकडलेलं चिकन मोकळं करायचं, टॉर्टिया आणि चीजचे थर लावायचे आणि ट्रे ओव्हनमध्ये ढकलायचा. डब्यातल्या आटवलेल्या सूपचं अमेरिकेत असंच घराघरांत बस्तान आहे. कँपबेल कंपनीचं क्रीम ऑफ मशरूम १९३४ मध्ये आलं आणि सॉस करायचे कष्ट वाचल्यामुळे तिथल्या अशा कित्येक पदार्थांचा तोच पाया झाला. म्हणजे तो डबा काही पवित्र वस्तू नाही, तो तयार व्हाइट सॉस आहे. इथे आयातीच्या दुकानात मिळालाच तर त्याची किंमत बघून तुम्ही स्वतःच परत ठेवाल.

एका डब्याऐवजी असं करा. दीड मोठा चमचा लोणी, दोन मोठे चमचे मैदा, अर्धा कप दूध आणि अर्धा कप चिकन उकडलेलं पाणी, घट्ट शिजवून. दुसऱ्या डब्यासाठी हेच, फक्त बारीक चिरून कोरडी परतलेली पाच-सहा मशरूम त्यात. पाकिटातली सूपची पावडर वापरू नका, तिच्यात कॉर्नफ्लोअर आणि मीठच जास्त. पुन्हा गरम केल्यावर सॉस पातळही होतो आणि खारटही.

टॉर्टियाच्या जागी मक्याची भाकरी घालायचा मोह होईल. घालू नका. टॉर्टियाचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळलेला असतो, त्याने पीठ चिवट होतं आणि सॉसमध्ये तग धरतं. आपल्या मक्याच्या पिठाची भाकरी दहा मिनिटांत विरघळून लापशी होते. मोठ्या दुकानांत टॉर्टियाची पाकिटं मिळतात, पण ती बरेचदा मैद्याची असतात; पाकीट वाचून घ्या. नाही मिळाल्या तर बिनमसाल्याचे मक्याचे नाचोज थोडे चुरून थरात घाला. तिथेही पुष्कळ जण चिप्स घालूनच करतात, तेव्हा नणंदेला काही म्हणता येणार नाही.

आता न विचारलेलं एक सांगते. मुलांना ते खायला घाला, हौस आहे तर जरूर घाला. पण नणंद वर्षाने माहेरी येते आहे. तिच्यासाठी त्या रात्री बाजूला सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी ठेवून बघा. ती टेक्सासच्या ट्रेकडे फिरकते का ते मला कळवा.

दुकानात इतकी चीज दिसतात की गोंधळ होतो. एका कृतीत मोझरेला, दुसरीत चेडर. आमच्याकडे फ्रिजमध्ये कायम अमूलच्या क्यूब असतात. त्या चालत नाहीत का?
— विलेपार्ले

चालतात, पण एकट्या नकोत. प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

क्यूब म्हणजे प्रोसेस्ड चीज. त्यात घातलेल्या क्षारांमुळे ते वितळताना फुटत नाही, तेल वेगळं होत नाही, मऊ राहतं. मात्र त्याला तार येत नाही. मोझरेलाचं दही गरम पाण्यात ताणून केलेलं असतं, तार त्याचीच. पण चव अगदी सौम्य. चेडर मुरवलेलं, म्हणून चवीला तीव्र, पण नुसतं चेडर जास्त तापलं की वर तेल तरंगतं. कुठलंही चीज गरजेपेक्षा जास्त वेळ भाजलं की आकसतं, तूप सोडतं आणि निवल्यावर रबर होतं. म्हणून तर वरच्या रॉडपाशी उभं राहायला सांगते.

माझं प्रमाण: ४०० ग्रॅममध्ये २५० मोझरेला, १०० प्रोसेस्ड, ५० चेडर. प्रोसेस्ड आतल्या थरांत, मोझरेला निम्मं आत आणि निम्मं वर, चेडर फक्त वर. चेडर नसेल तर ते ५० ग्रॅमही प्रोसेस्डच घ्या, घरच्यांना कळणार नाही.

किसलेल्या चीजचं पाकीट सोयीचं असतं, पण कीस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला स्टार्चसारखं काहीतरी लावलेलं असतं. त्यामुळे ते जरा कोरडं वितळतं. ठोकळा आणून फ्रिजमधून काढल्या काढल्या किसा. मुंबईच्या हवेत दहा मिनिटं ओट्यावर राहिला तर किसणीला लोण्यासारखा लागतो.

इटालियन लसान्याच्या शीट महाग पडतात. शिळ्या चपात्या घातल्या तर?
— ठाणे

बोलोन्याच्या लसान्यात अंड्याच्या पिठाच्या पातळ शीट, मांसाचा तासन्‌तास शिजवलेला रागू, बेशामेल म्हणजे आपला व्हाइट सॉस, आणि पार्मेजान. तारवाला मोझरेला त्यात नसतोच. तेव्हा आपण जे करतो ते तसंही लसान्या नाही. चपाती घालायला कुणाची परवानगी नको.

पण चपाती सॉस पिते आणि लगदा होतो. आधी तव्यावर कोरडी, कपड्याने दाबत कडक भाजून घ्या, खाकऱ्याच्या जवळपास. सॉस जरा घट्ट ठेवा. त्याहून बरा उपाय म्हणजे बेकरीतला लादी पाव. आडवा कापून, लोणी लावून टोस्ट केला की सॉस शोषूनही त्याला आकार राहतो. न उकडता वापरायच्या शीट आणल्यात तर हिशोब उलटा: त्या पाणी पितात, म्हणून सॉस पातळ हवा.

आमच्या गिरगावच्या खोलीत ओव्हन नाही आणि ठेवायला जागाही नाही. कढईत होईल का? मुलगी मागे लागली आहे.
— एक वाचक, गिरगाव

होईल. ओव्हन घरात यायच्या आधीही वरून-खालून भाजलेले पदार्थ आपल्याकडे होतच होते. सीकेपी घरांतलं भानोलं घ्या: कोलंबी आणि कोबी बेसनात धरायचा, पातेलं मंद निखाऱ्यांवर ठेवायचं आणि झाकणावरही निखारे. वरचा रॉड आणि खालचा रॉड, दुसरं काय? दिवाळीच्या नानकटाईचे ट्रे तर लोक बेकरीच्या भट्टीत भाजायला नेऊन द्यायचे. ओळखीचा बेकरीवाला असेल तर आजही विचारायला हरकत नाही, फार तर नाही म्हणेल.

घरी असं करा. जाड बुडाची मोठी कढई किंवा अॅल्युमिनियमचं पातेलं, आत जाळीचं स्टँड, घट्ट झाकण. नॉनस्टिक नको, ते रिकामं तापवायचं नसतं. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढा. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून केकच्या टिनमध्ये रचलेले थर आत ठेवा. झाकणाच्या आतून कोरडा पंचा बांधा आणि त्याची टोकं वर गुंडाळा, नाहीतर वाफेचं पाणी चीजवर टपकतं आणि आपण पुन्हा पाण्यापाशी येतो. मंद आचेवर अर्धा तास. टोकं गॅसपासून लांब, हे वेगळं सांगायला नको.

रंग मात्र येणार नाही. त्यासाठी शिळ्या कडक पावाचा चुरा लोण्यात लालसर परतून, टिन बाहेर काढल्यावर वरून पेरा. किंवा लोखंडी तवा धूर निघेपर्यंत तापवून, सांडशीने धरून, टिनच्या वर अगदी बोटभर अंतरावर दोन मिनिटं ठेवा. चीजवर डाग पडायला लागतात. हे काम मुलीला देऊ नका.

सासूबाई माळकरी आहेत. बाकी सगळे चिकन खाणारे. एकाच ओव्हनमध्ये दोन्ही केलं तर चालेल का? त्या तोंडाने काही बोलणार नाहीत, म्हणूनच विचारते.
— डोंबिवली

ज्या बोलत नाहीत त्यांचंच जास्त सांभाळावं लागतं. ओव्हन आदल्या दिवशी आतून पुसून काढा, जाळी आणि ट्रे घासून घ्या. त्यांचा डिश पहिला, रिकाम्या ओव्हनमध्ये. तो बाहेर आला की मग चिकन. एकाच वेळी वर-खाली ठेवू नका. उडालेला एक थेंबसुद्धा आपल्याला दिसणार नाही, पण त्यांना जेवताना तोच विचार येत राहील. किसणी आणि पळी वेगळी. व्हाइट सॉस एकदाच करा पण त्यांचा आधी काढून ठेवा, चिकनचा रस त्यानंतर.

त्यांच्या थरांत बटाटा, परतलेला फ्लॉवर, मटार आणि पनीर घाला. चीज घेताना पाकिटावरची हिरवी खूण बघा. भारतातल्या बहुतेक कंपन्या चीजसाठी प्राणिज नसलेलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, वापरतात, पण आयात केलेलं पारंपरिक पार्मेजान वासराच्या पोटातल्या रेनेटने केलेलं असतं. त्यांच्या ताटात ते नको. आणि तारीख ठरवण्याआधी कालनिर्णयवर एकादशी बघून घ्या.

आदल्या दिवशी रचून ठेवलं तर? आणि उरलं तर किती दिवस टिकतं?
— नोकरी करणारी, सानपाडा

आदल्या रात्री रचणं हा खरं तर चांगला मार्ग आहे, थर बसतात. सगळे थर पूर्ण गार झाल्यावरच रचा आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी बाहेर काढा. फ्रिजमधला काचेचा डिश थेट तापलेल्या ओव्हनमध्ये गेला तर तडकू शकतो. मग फॉइल लावून तीस मिनिटं, फॉइल काढून पंधरा. मधोमध सुरी खुपसून पाच सेकंदांनी बाहेर काढा आणि पात्याला हात लावून बघा, चटका बसला पाहिजे. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७४ अंश.

जेवण झाल्यावर गप्पांच्या नादात ट्रे टेबलावर रात्रभर राहतो, ते आपल्या हवेत चालत नाही. तासाभरात फ्रिजमध्ये. तिथे तीन दिवस. लागेल तेवढाच तुकडा काढून गरम करा, अख्खा ट्रे पुन्हा पुन्हा नको. डब्याला नेणार असाल तर ऑफिसात मायक्रोवेव्ह आहे ना ते आधी बघा, गार झालेलं हे प्रकरण कुणालाच आवडत नाही.

सोबत काय करायचं? आमच्याकडे भात नसला तर जेवण झालं असं कुणी मानत नाही.
— भांडुप

दूध-चीज इतकं आहे की सोबतीला आंबट आणि कुरकुरीत हवं. काकडी, कांदा, गाजर यांच्या चकत्या, वर लिंबू आणि मीठ. दह्याची कोशिंबीर नको, मेयोनीजचं सॅलड तर अजिबात नको. बेकरीतला कडक पाव, सॉस पुसून खायला. सूप करायचंच असेल तर टोमॅटोचं पातळ सार करा, मिरी घालून. गोडाला फळं पुरतात. यावर बासुंदी वाढलीत तर पाहुणे सोफ्यावरून उठणार नाहीत.

आणि भाताचं म्हणाल तर लहान कुकरमध्ये साधं वरण-भात लावून टाका, तूप-लिंबासकट. दहा माणसांत तीन जण हमखास 'थोडासा घालतो' म्हणतात आणि दोनदा घेतात. दीड वाटी तांदूळ पुरेल.